विश्लेषण : ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचे नवे की १२ जीबीचे जुने?

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या वाकडमध्ये घरचा कॉम्प्युटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दिवसा ऑफिसचे काम, संध्याकाळी अभियांत्रिकीला असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा प्रोजेक्ट आणि रात्री गेम, अशी तीन कामे अनेक घरांत एकाच यंत्रावर होतात. ताथवडे, आकुर्डी, निगडी या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजेच एआय हा विषय आता अभ्यासक्रमात आला आहे. त्यामुळे नवा पीसी जुळवून घेताना सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठा गोंधळ असतो तो ग्राफिक्स कार्डाचा.

या गोंधळाचे नेमके उदाहरण म्हणजे एनव्हिडियाची दोन कार्डे : आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०. भारतात आली तेव्हा दोन्हींची किंमत ३० हजार रुपयांच्या आसपास होती. एक २०२१ चे, दुसरे २०२३ चे. नव्या कार्डाचा आकडा मोठा, पण त्यावरची मेमरी कमी. ३० हजार एकदाच खर्च करायचे आणि पुढची चार वर्षे त्यावरच काढायची, अशा घरासाठी ही निवड चुकली तर दुरुस्तीचा मार्ग नसतो. कारण ग्राफिक्स कार्डावरची मेमरी नंतर वाढवता येत नाही.

दोन्ही कार्डे एका नजरेत

आरटीएक्स ३०६० (फेब्रुवारी २०२१, जाहीर किंमत ३२९ डॉलर)
कोअर : ३,५८४
कमाल वेग : सुमारे १.७८ गिगाहर्ट्झ
मेमरी : १२ जीबी, १९२ बिट
मेमरीचा वेग : सेकंदाला ३६० जीबी
एल-टू कॅश : ३ एमबी
वीज : १७० वॅट

आरटीएक्स ४०६० (जून २०२३, जाहीर किंमत २९९ डॉलर)
कोअर : ३,०७२
कमाल वेग : सुमारे २.४६ गिगाहर्ट्झ
मेमरी : ८ जीबी, १२८ बिट
मेमरीचा वेग : सेकंदाला २७२ जीबी
एल-टू कॅश : २४ एमबी
वीज : ११५ वॅट

कोअर कमी, तरी नवे कार्ड वेगवान कसे?

दुकानात बहुतेक जण कोअरची संख्या विचारतात. त्या हिशेबाने ३०६० पुढे दिसते. पण कोअर म्हणजे काम करणारे हात. हात किती आहेत याबरोबरच ते किती वेगाने चालतात, हेही पाहावे लागते. ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनली आहे, तर ४०६० ची चिप तैवानच्या टीएसएमसीकडे, त्याहून प्रगत प्रक्रियेवर. त्यामुळे नव्या चिपचा आकार जुन्या चिपच्या जेमतेम ५८ टक्के असूनही तिच्यात ट्रान्झिस्टर जास्त मावले आहेत. जुन्या चिपमध्ये सुमारे १,३२५ कोटी ट्रान्झिस्टर, तर नव्या चिपमध्ये सुमारे १,८९० कोटी.

कोअर आणि वेग यांचा गुणाकार केला की चित्र उलटते. ३०६० ची कागदोपत्री गणनक्षमता १२.७ टेराफ्लॉप्स, तर ४०६० ची १५.१ टेराफ्लॉप्स भरते. प्रत्यक्ष गेममध्येही साधारण तोच फरक दिसतो. फुल एचडी म्हणजे १०८० पी पडद्यावर, मेमरी अपुरी पडत नसेल तर, नवे कार्ड सरासरी १५ ते २० टक्के पुढे राहते. जिथे जुने कार्ड सेकंदाला ६० चित्रे दाखवते, तिथे नवे साधारण ७० दाखवते. फरक आहे, पण दोन वर्षांनी आलेल्या कार्डाकडून अपेक्षित होती तेवढी ही झेप नाही.

मेमरी कमी का केली?

याचे उत्तर वाकडच्या रस्त्यांवर सापडते. सकाळी नऊ वाजता भूमकर चौकातून हिंजवडीकडे निघालेल्या कोणालाही ठाऊक असते की गाडीचा वेग इंजिनावर नाही, तर रस्त्याला किती लेन आहेत यावर ठरतो. ग्राफिक्स कार्डातही तसेच आहे. चिप आणि मेमरी यांच्यामधल्या रस्त्याची रुंदी बिटमध्ये मोजतात. ३०६० चा रस्ता १९२ बिटचा, ४०६० चा १२८ बिटचा.

मेमरीची प्रत्येक चिप या रस्त्यावरच्या ३२ बिट व्यापते. म्हणजे १९२ बिटच्या रस्त्यावर सहा चिप बसतात आणि १२८ बिटच्या रस्त्यावर चार. प्रत्येक चिप २ जीबीची धरली तर सहा चिपचे १२ जीबी होतात, चारचे ८ जीबी. १२ आणि ८ हे आकडे इथून आले आहेत. रस्ता अरुंद केल्यामुळे चिप लहान झाली, सर्किट सोपे झाले आणि खर्च उतरला. त्याबरोबर मेमरीही घटली.

अरुंद रस्त्याची भरपाई एनव्हिडियाने कॅशने केली. कॅश म्हणजे मुख्य चिपच्या आतच असलेली छोटी, अतिवेगवान मेमरी. ती ३ एमबीवरून थेट २४ एमबी करण्यात आली. हे एक प्रकारचे वर्क फ्रॉम होम आहे. हिंजवडीचा रस्ता रुंद केला नाही, पण बऱ्याच लोकांचे काम घरूनच होईल अशी सोय केली, म्हणून रस्त्यावरची गर्दी घटली. गेममध्ये तोच तो डेटा पुन्हा पुन्हा लागतो, त्यामुळे ही युक्ती तिथे चांगली चालते. डेटाच एवढा मोठा असेल की तो कॅशमध्ये मावणार नाही, तिथे मात्र ती चालत नाही.

८ जीबी भरल्यावर काय होते?

सोसायटीचे पार्किंग भरले की उरलेल्या गाड्या बाहेर रस्त्यावर लागतात. कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, भरली की उरलेला डेटा पीसीच्या साध्या रॅममध्ये जातो. तिथून तो परत आणायचा तर मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस या मार्गाने यावे लागते, आणि हा मार्ग फार संथ आहे.

४०६० हे कार्ड या मार्गाच्या आठच लेन वापरते, ३०६० सोळा लेन वापरते. नव्या, चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर आठ लेनचा वेग सेकंदाला सुमारे १६ जीबी असतो. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर तो निम्मा, म्हणजे सुमारे ८ जीबी होतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देत असताना अचानक ८ जीबीवर यावे लागले तर गेम अडखळतो, चित्र क्षणभर थांबते किंवा भिंती-झाडांचे तपशील धूसर होतात. सरासरी वेगाच्या आकड्यात हा त्रास अनेकदा दिसत नाही, खेळणाऱ्याला मात्र तो जाणवतो.

२०२३ च्या सुरुवातीला पीसीवर आलेल्या ‘हॉगवर्ट्स लेगसी’ आणि ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ या गेमनी हा प्रश्न जगभर चर्चेत आणला. सर्वोच्च सेटिंगवर ८ जीबीची कार्डे अडखळू लागली. टेक्श्चरची सेटिंग एक-दोन पायऱ्या खाली आणली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. म्हणजे ८ जीबीचे कार्ड निरुपयोगी ठरत नाही, पण ‘सगळे अल्ट्रावर’ हा हट्ट सोडावा लागतो. ‘व्हॅलोरंट’सारख्या हलक्या गेमसाठी तर दोन्ही कार्डे गरजेपेक्षा जास्तच आहेत.

एआय शिकणाऱ्यांसाठी हिशेब का उलटतो?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. चॅटजीपीटीसारख्या सेवा मोठ्या डेटा सेंटरमध्ये चालतात. पण खुली भाषा मॉडेल घरच्या कार्डावरही चालवता येतात. त्यासाठी पहिली अट एकच : मॉडेल व्हीरॅममध्ये मावले पाहिजे.

हिशेब सोपा आहे. मॉडेलमधला प्रत्येक घटक, म्हणजे पॅरामीटर, १६ बिटमध्ये साठवला तर २ बाइट घेतो. ७०० कोटी पॅरामीटरचे मॉडेल त्यामुळे १४ जीबी होते आणि ते दोन्ही कार्डांवर मावत नाही. मात्र थोडी अचूकता सोडून तेच ४ बिटमध्ये आटवले की मूळ आकार ३.५ जीबीवर येतो. वरचा खर्च धरूनही ते दोन्ही कार्डांवर चालते. १,३०० कोटी पॅरामीटरचे मॉडेल ४ बिटमध्ये साडेसहा जीबी होते. त्यात संभाषणाची जागा आणि विंडोजने पडद्यासाठी घेतलेली मेमरी मिळवली की ८ जीबीचे कार्ड भरून वाहते. १२ जीबीच्या कार्डावर ते मावते.

वेगाच्या बाबतीतही इथे जुने कार्ड बाजी मारू शकते. भाषा मॉडेल उत्तर देताना प्रत्येक शब्दतुकड्यासाठी जवळपास संपूर्ण मॉडेल मेमरीतून वाचते. ५ जीबीचे मॉडेल असेल तर सेकंदाला ३६० जीबी वाचणारे कार्ड कागदोपत्री जास्तीत जास्त ७२ वेळा ते वाचू शकेल, २७२ जीबी वाचणारे ५४ वेळा. प्रत्यक्षातले आकडे याहून कमी असतात, पण प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. ५ जीबीच्या मॉडेलपुढे २४ एमबीची कॅश म्हणजे समुद्रात थेंब, त्यामुळे गेममध्ये उपयोगी पडलेली युक्ती इथे फारशी कामाला येत नाही. दीर्घ मजकूर एकदम वाचण्यात किंवा चित्रे तयार करण्यात मात्र गणनक्षमता लागते आणि तिथे, मेमरी पुरत असेल तर, नवे कार्ड सरस ठरते.

मेमरीचे महत्त्व किती, हे पुण्यातल्याच एका यंत्रावरून कळते. सी-डॅकच्या ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकाने नोव्हेंबर २०२० च्या ‘टॉप ५००’ यादीत ६३ वे स्थान मिळवले होते. त्यात एनव्हिडियाचीच ए-१०० कार्डे आहेत. या कार्डाच्या पहिल्याच आवृत्तीत ४० जीबी मेमरी होती आणि तिचा वेग सेकंदाला दीड हजार जीबीहून अधिक होता. डेटा सेंटरची कार्डे घरगुती कार्डांपेक्षा अनेक पटींनी महाग असण्यामागे ही मेमरी हे एक मोठे कारण आहे.

‘फ्रेम जनरेशन’ म्हणजे खरा वेग का?

४०६० च्या जाहिरातीत सर्वांत मोठे आकडे दिसतात ते डीएलएसएस-३ च्या फ्रेम जनरेशनमुळे. यात कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एआयने तयार केलेले एक चित्र घालते. पडद्यावर हालचाल अधिक सलग दिसते. एनव्हिडियाची ही सुविधा ३०६० वर नाही.

पण ही चित्रे खेळणाऱ्याच्या बटणाला उत्तर देत नाहीत. मूळ वेग सेकंदाला ३० चित्रांचा असेल तर पडद्यावर आकडा दुप्पट दिसला, तरी हाताला प्रतिसाद जुन्याच गतीने मिळतो. शिवाय या सुविधेलाही व्हीरॅम लागते. त्यामुळे मूळ वेग आधीच चांगला असेल तर फ्रेम जनरेशन शोभा वाढवते, अपुऱ्या कार्डाला ते तारत नाही. एएमडीचे एफएसआर-३ हे तंत्र काही गेममध्ये ३०६० सारख्या जुन्या कार्डांवरही मधली चित्रे घालण्याची सोय देते. म्हणून दोन कार्डांची तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचा आकडाच पाहावा.

यूट्यूबसाठी व्हिडिओ बनवणाऱ्यांना मात्र ४०६० मध्ये एक खरा फायदा आहे. ते एव्ही-१ या नव्या पद्धतीने व्हिडिओ थेट कार्डावरच एन्कोड करू शकते. त्यामुळे कमी आकाराच्या फाइलमध्ये चांगली स्पष्टता मिळते. ३०६० ला एव्ही-१ व्हिडिओ दाखवता येतो, तयार करता येत नाही.

वीजबिलात किती फरक पडतो?

पूर्ण भारावर दोन्ही कार्डांत ५५ वॅटचा फरक आहे. रोज चार तास असा वापर धरला तर दिवसाला ०.२२ युनिट, महिन्याला साडेसहा युनिट आणि वर्षाला सुमारे ८० युनिट जास्त लागतात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ८०० रुपये, चार वर्षांत ३,२०० रुपये. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यानुसार चढतात, त्यामुळे प्रत्येक घराचा आकडा वेगळा येईल. तरीही सेकंडहँड ३०६० दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळाले म्हणून आनंदात असलेल्याने हा हिशेब करून पाहावा.

वीज कमी म्हणजे उष्णताही कमी. एप्रिल-मे महिन्यांत दार लावून बसलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत हा फरक जाणवतो. पंखे कमी फिरतात, आवाज कमी होतो आणि वीज गेल्यावर यूपीएसवर थोडा जास्त वेळ मिळतो. दोन्हींसाठी कंपनीने ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे, त्यामुळे तो बदलावा लागेल का, हे कार्डावर नव्हे तर आधीच्या एसएमपीएसवर अवलंबून आहे.

खरेदीत फसगत कुठे होते?

पहिली फसगत नावाची. आरटीएक्स ३०६० याच नावाने २०२२ मध्ये ८ जीबीची दुसरी आवृत्ती आली. तिचा रस्ता १२८ बिटचा आणि मेमरीचा वेग सेकंदाला २४० जीबी, म्हणजे मूळ कार्डापेक्षा एक तृतीयांशाने कमी. जुने कार्ड घेण्याचे मुख्य कारणच तिच्यात उरत नाही. खोक्यावर ‘३०६०’ वाचून थांबू नये, ‘१२ जीबी’ आणि ‘१९२ बिट’ हे दोन्ही आकडे पाहावेत.

दुसरी फसगत लॅपटॉपची. वर सांगितलेले सगळे आकडे डेस्कटॉप कार्डांचे आहेत. लॅपटॉपमधल्या ३०६० ला ६ जीबीच मेमरी असते, ४०६० ला ८ जीबी. म्हणजे लॅपटॉप घ्यायचा असेल तर मेमरीचा युक्तिवाद नव्याच्या बाजूने जातो. शिवाय लॅपटॉपमध्ये एकाच नावाच्या कार्डाला कंपनीनुसार कमी-जास्त वॅट दिलेले असतात. पातळ लॅपटॉपमधले कार्ड जाड लॅपटॉपमधल्या त्याच नावाच्या कार्डापेक्षा मागे पडू शकते.

तिसरी फसगत सेकंडहँडची. ३०६० बाजारात आले तेव्हा इथेरियमच्या मायनिंगची लाट होती आणि अनेक कार्डे रात्रंदिवस त्या कामाला जुंपली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचे त्याचे मायनिंग संपले आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. मायनिंग केलेले प्रत्येक कार्ड खराब असतेच असे नाही, पण पंखे आणि मेमरीची तपासणी केल्याशिवाय ते घेऊ नये. भारतात अशा कार्डांना साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, म्हणजे २०२१ च्या कार्डाची ती संपलेली आहे. मूळ बिल आणि सीरियल नंबर जुळवून, अर्धा तास जड गेम किंवा चाचणी समोर चालवून मगच पैसे द्यावेत.

मग कोणी काय घ्यावे?

मुख्य काम गेम, पडदा फुल एचडी आणि पीसी नवा असेल तर ४०६० योग्य. वेग थोडा जास्त, वीज कमी, वॉरंटी ताजी. व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठीही तेच.

एआय मॉडेल घरी चालवायची असतील, ब्लेंडरमध्ये मोठी दृश्ये रेंडर करायची असतील किंवा मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयचा असेल, तर १२ जीबीचे ३०६० अजूनही विचारात घ्यावे. ब्लेंडरमध्ये नवे कार्ड वेगवान आहे, पण दृश्य मेमरीत मावेपर्यंतच.

चाकणच्या वाहन उद्योगात डिझाइनचे काम करणाऱ्यांनी मात्र या दोन्हींवर पैसे खर्च करण्याआधी आपल्या कॅड सॉफ्टवेअरची प्रमाणित कार्डांची यादी पाहावी. अशा कामात प्रोसेसर आणि प्रमाणित ड्रायव्हर यांना गेमिंगच्या वेगापेक्षा जास्त महत्त्व असते.

आणि ज्याला एआय अजून फक्त शिकून पाहायचे आहे, त्याने सुरुवातीला कार्ड घेतलेच पाहिजे असे नाही. गुगल कोलॅबवर उपलब्धतेनुसार १६ जीबीचे टी-४ कार्ड ठरावीक वेळ मोफत वापरता येते. एखादे सत्र त्यावर काढले की आपल्याला खरोखर किती मेमरी लागते, हे कळते.

हाच प्रश्न पुढच्या पिढीतही कायम आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० ची मेमरी अधिक वेगवान, सेकंदाला ४४८ जीबीची आहे, पण ती ८ जीबीच आहे. त्याच वर्षी आलेले ५०६० टीआय तर एकाच नावाने ८ आणि १६ जीबी अशा दोन आवृत्त्यांत मिळते. कार्डाच्या नावातला आकडा दर दोन वर्षांनी वाढेल. म्हणून दुकानात ‘नवे कुठले आले?’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी घरी बसून आपल्या कामाला किती जीबी लागतात, याचा हिशेब करावा.